पाच वेळा ‘नाही’

कॅज्युअल्टीच्या टेबलावर, भिंतीला, एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर मोठ्या सिस्टरांनी आपल्या वळणदार अक्षरात पाच प्रश्न लिहून ठेवले होते. मानेच्या मधोमध हाडावर दाबलं तर दुखतं का? दारू, नशा काही घेतलंय का? भान हरपलंय का, बोलण्यात गोंधळ आहे का? हातापायाला मुंग्या, बधिरपणा, कमजोरी? आणि शेवटचा, सगळ्यांत फसवा: अंगावर दुसरीकडे एवढं मोठं दुखणं आहे का, की त्याच्या आरडाओरड्यात मानेचं रडणं ऐकूच येणार नाही?

पाचही प्रश्नांना ‘नाही’ आलं, की मानेचा फोटो काढायची गरज नाही. मान हलू नये म्हणून गळ्यात बांधलेला पट्टा सोडायचा, माणसाला उठवून बसवायचं. एका ठिकाणी जरी मनात खुट्ट झालं, तर मात्र फोटो. कुणी म्हणेल, सरसकट सगळ्यांचेच काढून टाका की! पण एक्स-रेचं मशीन एक, ते चालवणारा एक, आणि पडले-झडलेले दिवसाला तीस-चाळीस. सगळ्यांना फळीवर बांधून रांगेत ठेवलं, तर ज्याची मान खरोखर मोडली आहे तो रांगेत शेवटचा असायचा.

धाकट्या डॉक्टरला इथे येऊन सात महिने झाले होते. त्या पुठ्ठ्यावर तिचा जीव होता. आणि पुठ्ठ्याइतकाच भरवसा होता तो सारथीकाकांवर.

सारथी हे काही त्यांचं नाव नव्हे. सव्वीस वर्षं स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला कुणीतरी गमतीनं म्हटलं आणि ते चिकटलं. आता बायकोसुद्धा चिडली की ‘अहो सारथी’ म्हणायची. अपघाताचा माणूस आला की काका आधी त्याच्या उशाशी जायचे, दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरायचे, आणि देवळातल्या मूर्तीला स्नान घालावं तसे हलक्या हातानं त्याला गाडीवरून फळीवर, फळीवरून टेबलावर आणायचे. डॉक्टरनं पहिला प्रश्न उच्चारायच्या आत दुसरा त्यांच्या ओठांवर तयार असायचा. धाकट्या डॉक्टरला डोकं कसं धरायचं हे पुस्तकानं सांगितलं होतं, शिकवलं काकांनी.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला तेच काका आडवे होऊन आले. गेटाजवळच्या वळणावर सांडलेल्या तेलावरून स्कूटर घसरली, असं आणणाऱ्यांनी सांगितलं. गळ्यात पट्टा, गुडघ्याची सालपटं निघालेली, विजारीला रक्त.

“घ्या, आज सारथीच रथात!” काकांनी छताकडे बघत म्हटलं, आणि अख्खी कॅज्युअल्टी हसली. धाकटी डॉक्टरही हसली.

“काका, स्कूटर शिकायचं वय आहे का हे?”

“ताई, स्कूटर शहाणी आहे हो. रस्त्यालाच ब्रेक नव्हता.”

“बरं, आता प्रश्न.”

“विचारायचे कशाला? पाच वेळा नाही. लिहून टाका.”

तरी तिनं विचारले. पण कसे विचारले? घरातल्या माणसाला ‘जेवलास का’ विचारावं तसे. उत्तर माहीतच असतं. मानेमागे बोट नेलं, मणक्यांवरून वरून खाली दाबत आली. “दुखतं?” “नाही.” “इथे?” “नाही.” “मुंग्या?” “नाही हो, ताई.” गुडघ्याकडे तिनं पाहिलं. खरचटलं होतं, मोडलं नव्हतं. तिनं पट्टा सोडला, केसपेपरवर ‘मानेच्या एक्स-रेची गरज नाही’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

काका उठून बसले. जरा जपूनच उठले; पण त्या वयाला कोण उडी मारून उठतं?

“आज बारा वाजता काकूंचं ऑपरेशन ना?” तिनं विचारलं.

“हो ना. पोटात गाठ घेऊन दोन वर्षं फिरतेय. तीनदा तारीख दिली, तिन्ही वेळा पळून गेली. आता म्हणते, थिएटरच्या दारापर्यंत तू स्वतः गाडी ढकलणार असशील तर येते. दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाही.” काका हसले. “सव्वीस वर्षं जगाला ढकललं, एकदा बायकोला ढकलायचं. येतो, ताई.”

आणि ते गेले.

पुढचा अर्धा तास एका फुटलेल्या कपाळात आणि एका मोडलेल्या मनगटात गेला. मग नवी सिस्टर वही घेऊन आली.

“डॉक्टर, एका इंजेक्शनवर सही राहिलीय. सारथीकाकांचं. दुखण्यावरचं.”

“मी कुठे सांगितलं होतं?”

सिस्टरचा चेहरा उतरला. “तुम्ही आत टाके घालत होतात. काका म्हणाले, गुडघा फार ठणकतोय, देऊन टाक, ताई आल्या की सही घे. आपलेच काका, म्हणून... तुम्ही तपासायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दिलं असेल.”

धाकट्या डॉक्टरच्या हातातलं पेन तिथेच थांबलं. तपासायच्या आधी. म्हणजे आपण मान दाबत होतो तेव्हा औषध अंगात भिनायला लागलेलं. आणि ते मागून घेतलं कुणी? ज्याला पुठ्ठा तोंडपाठ होता, त्यानंच.

ती स्वतःला समजावू लागली. साधी घसरून पडलेली स्कूटर. वेग नाही, उंची नाही. तेवढ्यात गेटावरचा वॉचमन हातात हेल्मेट घेऊन आत आला. “मॅडम, हे काकांचं. तिकडेच पडलं होतं.”

हेल्मेट टाळूपासून मागच्या कडेपर्यंत तडकलेलं होतं. आतला पांढरा थर बाहेर डोकावत होता.

“घसरले ना ते?” तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“घसरले कसले! चाक दुभाजकावर आदळलं आणि काका हँडलवरून उडून सरळ डोक्यावर आले. मी डोळ्यांनी पाहिलं. मी धावलो तर मलाच म्हणतात, घसरलो म्हणून सांग, उगाच गवगवा नको.”

माणसाची मान ही काय चीज आहे, बघा. सात मणके, एकावर एक रचलेले, आणि त्यांच्या पोकळीतून करंगळीएवढी एक दोरी खाली गेलेली. चालणं, उठणं, घास तोंडात नेणं, लेकराला उचलणं, छातीचा भाता हलणं, एवढा सगळा प्रपंच देवानं त्या एका दोरीवर टांगला. मणका तडकला तरी माणूस चालतो, बोलतो, विनोद करतो. दोरी शाबूत असते तोवर काही कळत नाही. मग कुणीतरी मागून हाक मारतं, माणूस वळून बघतो, आणि सगळं जिथल्या तिथे संपतं. हे धाकट्या डॉक्टरला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. 

तिनं काकांना फोन लावला. फोन वाजला तो शेजारच्याच खुंटीवर, त्यांनी बदलून ठेवलेल्या, रक्त लागलेल्या शर्टाच्या खिशात. तिनं पट्टा उचलून खांद्यावर टाकला आणि धावली.

बायकांच्या वॉर्डात काकूंची खाट रिकामी. चादर नुकतीच ओढून घेतलेली.

“आत्ता नेलं की,” शेजारची पेशंट म्हणाली. “नवराच घेऊन गेला. काय ऐट होती! मी म्हटलं, वरात चालली का?”

थिएटर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट चार दिवस बंद. म्हणजे उतारावरून. तो लांब, वळणं घेत चढत जाणारा सिमेंटचा उतार, जिथे भरली गाडी ढकलताना तरण्या माणसाच्याही मानेच्या शिरा तट्ट फुगतात. ‘देवा, पोचू नको देऊ त्यांना. नाही, पोचू दे. थांबव. कुठेतरी थांबव,’ असं काहीबाही ती मनात बोलत होती. काय मागावं हेही सुचत नव्हतं.

उताराच्या तोंडाशी ती आली आणि तिला ते दिसले. पाठमोरे. वीस-पंचवीस पावलं पुढे. दोन्ही हात दांड्यावर, अंग पुढे झुकलेलं, आणि मान... मान खाली वाकवून ते उशाशी काहीतरी बोलत होते. काकूंचं हसू वरून घरंगळत खाली आलं.

तिनं ‘काका’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक मारली तर ते काय करतील? वळून बघतील.

काय विलक्षण पेच आला बघा! ज्याला थांबवायचं त्याला हाक मारायची नाही. मागून धावत जायचं तर पायांचा आवाज. तिनं चपला काढल्या आणि बाजूच्या जिन्याकडे वळली. तेवढ्यात जिन्यातून म्हातारा शिपाई फायली घेऊन उतरला, उताराकडे पाहून त्याचं तोंड उघडलं.

“ओ सार...”

तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. फायली खाली पडल्या. शिपायाचे डोळे बटाट्याएवढे झाले.

“हाक मारू नका,” ती कुजबुजली. “त्यांची मान मोडलीय कदाचित. वळले तर जातील. तुम्ही हळूच मागून जा. काही बोलायचं नाही, खांद्याला हात लावायचा नाही. मी समोरून येते. मी सांगितलं की दांडा धरायचा. गाडी मागे घरंगळली तर त्यांच्याच अंगावर येईल.”

शिपाई एका शब्दानं न विचारता गेला.

जिन्याच्या पायऱ्या तिनं मोजल्या नाहीत, पण त्या संपेनात. दर वळणाला भिंतीतल्या जाळीतून उताराचा तुकडा दिसे. एकदा गाडीचं चाक दिसलं, एकदा काकांचा कोपर. तिला वाटत होतं, पुढच्या जाळीतून गाडी दिसेल आणि काका दिसणार नाहीत.

वरच्या सपाट जागेवर ती त्यांच्या आधी पोचली. गाडी शेवटचा चढ चढत होती. काकांचा चेहरा घामानं थबथबलेला, ओठ पांढरे. हे इंजेक्शन उतरत चाललेल्या माणसाचं तोंड होतं. तिनं दोन्ही तळवे पुढे धरले.

“काका, माझ्याकडे बघा. नुसते डोळ्यांनी. मान हलवायची नाही. होय-नाही सुद्धा मानेनं नाही. दहा पावलं या, सपाटीवर या. बस्स.”

काकांचे डोळे तिच्यावर खिळले. त्यांना सगळं कळलं, हे तिला त्या डोळ्यांतच दिसलं. ते दहा पावलं चालले. गाडी सपाटीवर आली, शिपायानं मागून येऊन दांडा धरला, आणि धाकट्या डॉक्टरनं काकांच्या मागे जाऊन दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं घेतलं. त्यांनीच शिकवलं होतं तसं: बोटं जबड्याखाली, अंगठे कानामागे.

“हे काय चाललंय?” काकू उशीवरून डोकं उचलून म्हणाल्या. “माझं ऑपरेशन का याचं?”

“काका, हाताला मुंग्या आहेत?”

काकांचे डोळे काकूंच्या गाडीकडे गेले.

“काका!”

“अंगठा आणि शेजारचं बोट,” ते पुटपुटले. “उजवा हात. सकाळपासून.”

“आणि मला नाही म्हणालात?”

“हिला कळलं असतं तर ही चौथ्यांदा पळाली असती, ताई. संध्याकाळी, हिचं आटपलं की सांगणार होतो.”

“संध्याकाळी!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. “संध्याकाळी काय सांगणार होतात? कुठल्या तोंडानं? तोंड तेवढं हललं असतं नुसतं!”

काकूंनी सगळं ऐकलं. मग अंगावरची चादर झुगारून, थिएटरच्या त्या हिरव्या झग्यात, एक पाय खाली सोडून त्या चक्क उतरल्या.

“काकू, अहो, तुम्ही...”

“मला भूल दिलेली नाही अजून. पाय धड आहेत माझे. याला घ्या वर.” आणि नवऱ्याला, “खोटारड्या! संसारात एक काम खरं केलं नाहीस. बस. हळू. ताई सांगतील तसं.”

शिपायानं एक काख धरली, काकूंनी दुसरी. धाकटी डॉक्टर डोकं धरून त्यांच्याबरोबर इंचाइंचानं खाली येत होती. बसवलं. मग आडवं केलं. एवढ्याशा गोष्टीला किती वेळ लागला कुणास ठाऊक. थिएटरमधून दोघी सिस्टर धावत आल्या, पट्टा बांधला गेला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी लागल्या, तरी तिनं तळवे काढले नाहीत. काकांच्या जबड्याखालची शीर तिच्या बोटाखाली उडत होती. 

एक्स-रेवाल्यानं पहिला फोटो काढला. त्यात खांद्यांच्या सावलीत शेवटचे मणके बुडाले होते. “दिसत नाही तोवर धड आहे म्हणायचं नाही,” तिनं सांगितलं. शिशाचा जड झगा घालून दोघांनी काकांचे हात पायांकडे अलगद ओढून धरले आणि दुसरा काढला. काकूंचं ऑपरेशन करणारे मोठे सर तोवर खाली आले होते. त्यांनी तो पडद्यावर पाहिला आणि चष्मा काढून पुन्हा घातला. पाचवा मणका सहाव्यावरून पुढे सरकला होता. फार नाही, नखाच्या जाडीएवढा. मागचं हाड तडकलेलं.

“या मानेनं उतार चढला?” सर हळूच म्हणाले.

“सर, केसपेपरवर माझी सही आहे. फोटोची गरज नाही म्हणून. मी त्यांना पेशंटसारखं विचारलंच नाही.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. “ते आपण बोलणार आहोत, आणि नीट बोलणार आहोत. इंजेक्शनाचंही. आत्ता त्यांना मोठ्या इस्पितळात पोचव. पाठीच्या मणक्याचे सर्जन तिथेच आहेत. डोकं तू धर.”

ॲम्ब्युलन्सच्या दाराशी काकू उभ्या होत्या. अजून त्याच झग्यात, वरून कुणाची तरी शाल. “मी येणार बरोबर,” त्यांनी जाहीर केलं.

“तू आत जा,” काका म्हणाले. “थिएटर तयार आहे. मोठे सर थांबलेत.”

“तू नसताना? मला भीती वाटते.”

काका पट्ट्यातून काहीतरी बोलू गेले आणि धाकट्या डॉक्टरच्या तळव्यांना त्यांच्या मानेचा स्नायू सरसरल्यासारखा वाटला. “मान नाही!” ती ओरडली. काकू दचकल्या, आणि मग आपणच गाडीवर वाकल्या, अगदी त्याच्या चेहऱ्यावर चेहरा धरून, म्हणजे त्याला वळून बघायला नको.

“मलाही वाटते,” काका म्हणाले. “तुझ्यासाठी खोटं बोललो ते अर्धंच. सव्वीस वर्षं लोकांना आडवं करतोय. त्यातले किती जण पुन्हा उठले, मला माहीत आहे. मला आडवं व्हायचंच नव्हतं गं.”

काकूंना पदर नव्हता, म्हणून शालीच्या टोकानं त्यांनी त्याचा घाम टिपला. मग सरळ झाल्या.

“बरं. तू तिकडे घाबर, मी इकडे घाबरते,” त्या म्हणाल्या. “दोघांनी एकाच ठिकाणी घाबरून काय मिळणार आहे? ताई, याच्यावर विश्वास ठेवू नका. पाय हलतात का म्हणाला तर स्वतः बघा.” आणि शिपायाचा हात धरून त्या उताराच्या दिशेनं चालू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही.

मोठं इस्पितळ दीड तासावर. ड्रायव्हर बैलगाडीसारखा हाकत होता, तरी रस्त्याचा प्रत्येक खड्डा धाकट्या डॉक्टरच्या मनगटात येऊन बसत होता. गतिरोधक दिसला की ड्रायव्हर आधी सांगायचा, ती हात घट्ट करायची, चाकं वर चढायची, खाली उतरायची, आणि मग ती म्हणायची, “काका, पाय.” चादरीच्या टोकाशी बोटं हलायची. आधी डावी, मग उजवी. पुढच्या गतिरोधकापर्यंत तिला श्वास घ्यायची मुभा मिळायची.

एकदा मोठा धक्का बसला. “काका, पाय.”

चादर हलली नाही.

“काका? पाय. पाय हलवा.”

काही नाही. समोर बसलेली नवी सिस्टर तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

“काका!”

“अं? हां, हां.” बोटं हलली. दोन्ही पायांची, भरभर, एकदम. “विचारात होतो, ताई. आत नेलं असेल का तिला?”

“विचार नंतर करा,” ती कशीबशी म्हणाली. “विचारात असलात तरी पाय हलवायचे. मी विचारलं की हलवायचे.”

“हो.”

मोठ्या इस्पितळाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक पडलं आणि गाडी थांबली, तेव्हा तिच्या खिशातला फोन वाजला. दोन्ही हात डोक्यावर. सिस्टरनं तो काढला, नाव वाचलं. “थिएटरमधून आहे.”

“कानाला लावू नकोस. वळतील. तोंडासमोर धर.”

सिस्टरनं फोन काकांच्या चेहऱ्यावर धरला आणि आवाज मोठा केला. पलीकडून भूल देणाऱ्या बाई बोलत होत्या. गाठ निघाली, साधी दिसतेय, तरी तपासायला पाठवली आहे. पेशंट शुद्धीवर येतेय. “आणि हो, डोळे उघडल्या-उघडल्या काय म्हणाली सांगू? म्हणाली, पाय बघितलेत का त्याचे?”

काकांच्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि कानांकडे वाहू लागलं. रडताना माणसाचं डोकं हलतं. धाकट्या डॉक्टरनं तळवे आणखी घट्ट केले.

“रडा, काका,” ती म्हणाली. “पण सरळ रडा.”

सिस्टरनं कापसाच्या बोळ्यानं दोन्ही बाजूंचं पाणी टिपलं. फाटक उघडलं. रुळांवरून जायचं होतं. ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं.

“चार रूळ आहेत, डॉक्टर.”

“एकेक घ्या,” ती म्हणाली. “प्रत्येकावर थांबा. काका, पाय.”